1964 ची कॅडिलॅक, लिंकन कॉन्टिनेन्टल की इम्पीरियल?

तुम्ही विचारले आहे की, 1960 च्या दशकातील अमेरिकन आलिशान गाडी पहिल्यांदाच विकत घ्यायची असेल तर जनरल मोटर्सची कॅडिलॅक, फोर्डची लिंकन कॉन्टिनेन्टल आणि क्रायस्लरची इम्पीरियल यांपैकी कोणती घ्यावी, आणि प्रत्यक्ष सांभाळताना त्यांच्यात काय फरक जाणवतो. मी मिशिगनमध्ये राहतो. माझ्याकडे 1964 ची चार दारांची कॉन्टिनेन्टल आहे. तिच्याआधी त्याच वर्षीची कॅडिलॅक सेडान डी व्हिल बरीच वर्षे होती, आणि एका स्नेह्यांची 1964 ची इम्पीरियल क्राउन मी दुरुस्तीच्या निमित्ताने पुष्कळदा हाताळली आणि चालवली आहे. तिन्ही गाड्या एकाच वर्षीच्या असल्यामुळे माझी तुलना त्या वर्षापुरती धरावी. माझे मत आधीच सांगतो: पहिली गाडी म्हणून कॅडिलॅक घ्या, जरी माझा स्वतःचा जीव लिंकनमध्ये गुंतलेला असला तरी.

लिंकनविषयी अधिक लिहिणे मला भाग आहे, कारण ती या तिघींमध्ये सर्वांत वेगळ्या विचाराने बांधलेली गाडी आहे. 1961 साली आलेला तिचा आकार फोर्डचे डिझायनर एल्वुड एंगल यांचा. मुळात तो फोर्डच्या थंडरबर्डसाठी केलेला प्रस्ताव होता. फोर्डचे तेव्हाचे वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट मॅक्नमारा यांनी तो पाहिला आणि चार दारांची लिंकन म्हणून वाढवायला सांगितला. शेपटीचे पंख आणि क्रोमचे थर यांचा सोस ऐन भरात असताना इतकी सपाट, शांत रेषांची गाडी बाजारात आणणे हे मोठे धाडस होते, आणि आजही ती रस्त्यावरून जाताना जुनाट दिसत नाही. मागची दारे मागच्या बाजूला बिजागरी लावलेली, म्हणजे वाड्याच्या दोन फळ्यांच्या दारासारखी मधोमध मिळणारी आहेत. त्यामागे दिखाऊपणा नव्हता. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर 123 इंचच होते आणि मागच्या आसनावरून उतरताना पाय दाराला लागत असे, म्हणून ही रचना केली गेली. 1964 मध्ये ते अंतर 126 इंच झाले आणि बाजूच्या वक्र काचा जाऊन सपाट काचा आल्या. काचांचा हा बदल मला दिसायला आवडत नाही.

चालवताना लिंकनचे मोठेपण तिच्या घट्टपणात आहे. तिला वेगळी चॅसी, म्हणजे गाडीचे अंग ज्यावर बसवतात तो खालचा लोखंडी सांगाडा, नाही. तळ, बाजू आणि छत मिळून एकच सांगाडा आहे. सुमारे 5,000 पौंडांची ही गाडी खराब रस्त्यावरही कुरकुरत नाही. मिशिगनमधल्या विक्सम इथल्या लिंकनच्या कारखान्यात प्रत्येक इंजिन तीन तास चालवून तपासत आणि तयार गाडी 12 मैल रस्त्यावर फिरवून आणत, आणि त्या भरवशावर 1961 मध्ये 2 वर्षे किंवा 24,000 मैलांची हमी दिली गेली, जी त्या काळात असाधारण होती. 430 घनइंचांचे 320 अश्वशक्तीचे इंजिन घाई करत नाही, पण महामार्गावर दिवसभर चालवले तरी त्याला कष्ट पडत आहेत असे कधी वाटत नाही.

मात्र याच बांधणीमुळे गंज हा लिंकनचा सर्वांत मोठा शत्रू ठरतो. वेगळ्या चॅसीच्या गाडीत तळाचा पत्रा खाल्ला गेला तर तो बदलता येतो. लिंकनमध्ये तोच पत्रा गाडीचा भार पेलत असतो, त्यामुळे दारांखालचे पट्टे आणि मागच्या स्प्रिंगांच्या जागा सडल्या असतील तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपलीकडे सहज जातो. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून मी इथली स्वस्त लिंकन घेण्यापेक्षा कोरड्या प्रदेशातली महाग लिंकन घेण्याचा सल्ला देईन. त्याशिवाय तिच्यात काही यंत्रणा अशा आहेत की ज्या पाहून बाहेरचा मेकॅनिक हात वर करतो. काचेवरचे वायपर विजेवर चालत नाहीत, तर स्टिअरिंगच्या पंपातून येणाऱ्या तेलाच्या दाबावर चालतात; दारांची कुलुपे व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनातून मिळणाऱ्या हवेच्या ओढीवर, चालतात आणि रबराची एक नळी चिरली की चारही दारांना त्रास होतो. ब्रेकही चारही चाकांना ड्रमचेच, आणि त्यांची तेलवाहिनी एकेरी, म्हणजे एका ठिकाणी गळती झाली तर चारही ब्रेक एकदम जातात. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक 1965 पासून आले. लिंकनच घ्यायची असे तुम्ही ठरवलेच, तर याच कारणासाठी 1965 ची शोधा.

कॅडिलॅककडे वळलो की चित्र बदलते. 1962 पासूनच तिच्या ब्रेकच्या तेलवाहिन्या पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी स्वतंत्र आहेत, आणि कुटुंबाला घेऊन जुन्या गाडीतून फिरणाऱ्या माणसाला ही एकच गोष्ट पुरेशी महत्त्वाची वाटायला हवी. 1964 च्या डी व्हिलमध्ये 429 घनइंचांचे 340 अश्वशक्तीचे इंजिन आणि त्याच वर्षी नव्याने आलेला तीन गतींचा टर्बो हायड्रामॅटिक हा स्वयंचलित गिअरबॉक्स आहे. हा गिअरबॉक्स इतका उत्तम निघाला की पुढे रोल्स रॉइसनेही तो आपल्या सिल्व्हर शॅडोमध्ये वापरला. त्याच वर्षी कम्फर्ट कंट्रोल ही सोय आली: हवे ते तापमान एकदा लावले की गरम आणि गार हवेचे प्रमाण गाडी स्वतः सांभाळते. माझ्या गाडीत ती शेवटपर्यंत नीट चालली. कॅडिलॅक लिंकनपेक्षा हलकी आणि चपळ वाटते, पण वळणावर अधिक झुलते, आणि जुनी झाली की अंगातून बारीक आवाज करू लागते. तिची चॅसी इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराची आहे, बाजूंना आधाराचे लोखंड नाही, म्हणून दारांखालचा पत्रा तिच्यातही काळजीपूर्वक तपासावा.

तरीही मी तिचीच शिफारस करतो, याचे मुख्य कारण सुटे भाग. 1964 मध्ये कॅडिलॅक सुमारे 1,66,000 बनल्या, लिंकन सुमारे 36,000 आणि इम्पीरियल सुमारे 23,000. साठ वर्षांनंतर या आकड्यांचा अर्थ असा की कॅडिलॅकचा मागचा दिवा फुटला तर नवा किंवा जुना मिळतो, लिंकनचा शोधावा लागतो, आणि इम्पीरियलच्या अंगावरची एखादी पट्टी हरवली तर दुसरी इम्पीरियल मोडीत निघण्याची वाट पाहावी लागते.

इम्पीरियलवर मात्र अन्याय होऊ नये. 1964 चा तिचा आकारही एंगल यांच्याच काळातला, कारण ते 1961 मध्ये फोर्ड सोडून क्रायस्लरमध्ये गेले होते. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या की एकाच हाताची ओळख पटते. पुढच्या चाकांना स्प्रिंगांऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारे पोलादी दांडे, असल्यामुळे ती तिघींमध्ये सर्वांत नेमकी वळते, आणि 413 घनइंचांचे इंजिन व टॉर्कफ्लाइट हा स्वयंचलित गिअरबॉक्स इतर क्रायस्लर गाड्यांतही असल्याने यांत्रिक भागांची अडचण नाही. गिअर बटणांनी बदलतात, त्याची सवय लवकर होते. एक गोष्ट मात्र चाक बदलणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत, आणि हे माहीत नसलेला माणूस जोर लावून बोल्ट तोडतो.

उघड्या टपाची लिंकन पाहून मोह होईल. टप मागच्या डिकीत पूर्णपणे नाहीसा होतो, हे दृश्य खरोखर विलक्षण आहे, पण त्यामागे मोटारी, रिले आणि स्विचांची लांबलचक साखळी आहे. ती यंत्रणा समजणारा कारागीर जवळपास असल्याशिवाय पहिली गाडी म्हणून ती घेऊ नये. पेट्रोलचा हिशेबही आधी करावा, कारण तिन्ही गाड्यांना वरच्या दर्जाचे पेट्रोल लागते आणि एका गॅलनला दहा-बारा मैलांपलीकडे फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. आणि गाडी पाहायला जाण्यापूर्वी गॅरेज मोजून घ्या: लिंकन 216 इंच, कॅडिलॅक 223 इंचांहून थोडी अधिक आणि इम्पीरियल जवळजवळ 228 इंच लांब आहे, आणि डिकी उघडण्यासाठी मागे उभे राहण्याची जागा यात धरलेली नाही.