बूगी रॉकची, म्हणजे गिटारच्या एकाच ठेक्यावर चालणाऱ्या रॉक संगीताची, सगळी गाणी सारखीच का वाटतात? आणि फेस्टिव्हलमध्ये लोक तेच तेच तासभर उभं राहून कसं ऐकतात?

सारखी वाटतात, कारण बरीचशी सारखीच असतात. वाजवणाऱ्यांनाही ते ठाऊक आहे. लंडनच्या स्टेटस क्वो या बँडला जन्मभर 'तुम्हाला तीनच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूरगट) येतात' असा टोमणा ऐकावा लागला. शेवटी २००७ साली त्यांनी अल्बमचं नावच ठेवलं 'इन सर्च ऑफ द फोर्थ कॉर्ड', म्हणजे चौथ्या कॉर्डच्या शोधात.

मीही आधी नाकं मुरडायचो. गिटार बरी वाजते अशी समजूत होती, म्हटलं हे काय, दहा मिनिटांत बसेल. बसलंही. पाचवी तार मोकळी सोडायची, चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या पट्टीवर) बोट. हा झाला सा-प. मग दुसरं बोट चौथ्या फ्रेटवर, सा-ध. दोन ठोके हे, दोन ठोके ते. सा-प, सा-प, सा-ध, सा-ध. अख्खं बूगी यावर उभं आहे. खरी गोम लयीत आहे. प्रत्येक मात्रेचे तीन भाग करायचे, तिश्र जातीत करतो तसे, आणि मधला गाळायचा. याला शफल म्हणतात. ड्रमरबरोबर पाच मिनिटं वाजवलं आणि माझा शफल सरळ व्हायला लागला, म्हणजे झोका गेला आणि उरली नुसती टकटक. मनगट भरून आलं ते वेगळंच. त्या दिवसापासून 'तीनच कॉर्ड' हा विनोद मी करत नाही.

यातलं बरंचसं आलं जॉन ली हूकरकडून, म्हणजे ब्लूज या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतातल्या गायक-गिटारवादकाकडून. १९४८ ची त्याची 'बूगी चिलन' ऐका. गिटार, आवाज आणि बुटाचा ठोका, एवढंच. कॉर्डही जवळजवळ एकच. पुढे झेडझेड टॉप या अमेरिकन बँडच्या 'ला ग्रांज'वर (१९७३) 'बूगी चिलन'वरून कोर्टात खटला झाला, इतकी त्याची सावली पडलेली आहे.

आता फेस्टिव्हल. अमेरिकेतला गाजलेला वुडस्टॉक फेस्टिव्हल, १६ ऑगस्ट १९६९, संध्याकाळ, स्टेजवर कॅन्ड हीट हा अमेरिकन बूगी बँड. त्यांचा गिटारवादक हेन्री व्हेस्टाइन काही दिवसांपूर्वीच भांडून बँड सोडून गेलेला, त्याच्या जागी हार्वी मँडल हा अगदी नवा माणूस. दुसऱ्या एखाद्या बँडची फजिती झाली असती. इथे शफल चालू आहे, नवा आला काय आणि जुना गेला काय, वाहत्या पाण्यात उतरायचं! मध्येच प्रेक्षकांतला एक पोरगा स्टेजवर चढतो. धिप्पाड, दाढीवाला गायक बॉब हाइट त्याला हाकलत नाही, जवळ घेतो. पोरगा हाइटच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट काढतो. गाणं चालूच. चित्रीकरण उपलब्ध आहे, जरूर बघा. (त्याच बँडचा अ‍ॅलन विल्सन हार्मोनिका काय वाजवायचा! सत्ताविसाव्या वर्षी गेला, १९७० साली.)

म्हणजे गाण्यात पुढे काय होणार हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणालाही मधूनच सामील होता येतं. भजनात दुसऱ्या चरणाला येऊन बसणारा माणूस टाळ उचलतो, तसं. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये लाइव्ह एड या मदतनिधीच्या मोठ्या मैफलीची सुरुवात करायला स्टेटस क्वोलाच उभं केलं होतं. भर दुपारी, थंड बसलेल्या स्टेडियमला उठवायला याहून सोपं काय असणार?

आपल्याकडे निव्वळ बूगीचा फेस्टिव्हल मला माहीत नाही. जवळचं म्हणजे मुंबईचा महिंद्रा ब्लूज, २०११ साली मेहबूब स्टुडिओत सुरू झालेला. तिथे एकदा माझ्या शेजारी इस्त्रीचा शर्ट घातलेले साठीचे एक काका हाताची घडी घालून उभे होते. शफल लागला. आधी त्यांची टाच हलली, मग गुडघा, आणि तिसऱ्या फेरीला घडी सुटली. त्यांना स्वतःलाही पत्ता नव्हता.

सुरुवात करायची तर कॅन्ड हीटचं 'रिफ्राइड बूगी' घ्या, १९६८ चं लाइव्ह रेकॉर्डिंग, चाळीस मिनिटांच्या वर. हेडफोन लावून डोळे मिटून मात्र ऐकू नका, झोप येईल. स्पीकरवर लावा आणि भांडी घासायला घ्या. मी तसंच ऐकतो.