तुरुंगात गरीबच दिसतात, म्हणून गुन्हे गरीबच करतात का?

तुम्ही विचारलंय, की तुरुंगात बहुतेक गरीबच असतात, मग गरिबी माणसाला गुन्हेगार बनवते असं म्हणायचं का? मी सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या कोर्टात 12 वर्षं फौजदारी वकिली करतोय. पोटासाठी चोरी होते, हे खरं आहे. पण तुरुंगात कोण बसलंय यावरून गुन्हा कोण करतं हे ठरवू नका. 2022 च्या अखेरीस देशातल्या दर 4 कैद्यांपैकी 3 कच्चे कैदी होते. त्यांचा खटला संपलेलाच नव्हता.

माझ्या एका पारधी पक्षकारावर विहिरीवरची मोटार चोरल्याचा आळ होता. तिसऱ्या दिवशी जामीन मंजूर झाला, 15 हजारांचा, एका ऐपतदार जामीनदारासह. आता पालावर राहणाऱ्याने सातबारा कुणाचा आणायचा? नातेवाइकांत कुणाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही आणि गावातलं कुणी त्याच्यासाठी उभं राहत नाही. जामिनाचा आदेश होऊनही तो 5 महिने आत राहिला. पुढे खटल्यात निर्दोष सुटला. तोवर बायको पोरांना घेऊन ऊसतोडीला गेली होती. थोरल्याची शाळा सुटली ती सुटलीच. नंतर गावात कुणाची शेळी हरवली, तर पोलीस आधी त्याच्याच पालावर. कारण नाव रजिस्टरला लागलं होतं.

हे रजिस्टर आजचं नाही. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मावरूनच गुन्हेगार ठरवल्या. हजेरी लावायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. आमच्या सोलापुरात अशा लोकांना ठेवलेली सेटलमेंट होती, तो भाग आजही त्याच नावाने ओळखतात. 31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा गेला. मग 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आणि पारध्यांचा पिढीजात धंदाच गुन्हा ठरला. जंगली जनावरं वाचायलाच हवीत, पण त्या बदल्यात कसायला जमीन किती जणांना मिळाली?

1978 साली मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मॅजिस्ट्रेटने 10 हजारांचा जामीनदार मागितला होता आणि भाऊ चालत नव्हता, कारण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात! न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 1 हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायला सांगितलं. तो निकाल मी आजही अर्जाला जोडतो.

तुमच्या ओळखीत कुणी असं अडकलं असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, कोठडीतल्या माणसाला वकील मोफत मिळतो. जामीनदार मिळणार नसेल तर जातमुचलक्याची मागणी पहिल्याच अर्जात लिहायला लावा. त्या पक्षकारासाठी मी ती चौथ्या महिन्यात केली.