सव्वा मूठ गहू मोजताना

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव-गाव देत नाही. पत्र मोठं आहे, त्यातलं मुख्य तेवढं इथे देते:

"मागच्या श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी सासरे गेले. सुतक पडलं म्हणून कानबाई (नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात बसवतात ती देवी) बसली नाही. चैत्रात मालक पायी वणीला सप्तशृंगीच्या गडावर जाऊन आले, केळीची बाग चांगली निघू दे म्हणून नवस केला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासऱ्यांची घागर भरली. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात वादळ आलं. साडेतीन हजार झाडांतली दोन हजारांवर झाडं घडासकट आडवी झाली. शेजारच्या बांधावरची बाग मात्र उभी आहे. सासूबाई म्हणतात, 'कानबाई कोपनी.' एका जाणत्यानं पितृदोष काढला, शांतीला ३५,००० रुपये सांगितले. नाही केली तर घरातलं आणखी एक माणूस जाईल म्हणाला. मालक कुणाशी बोलत नाहीत, शेतात जात नाहीत, रात्री तीनला उठून ओट्यावर बसतात. मी सोमवार, गुरुवार, शुक्रवार धरायची, ते सगळं सोडलं. दिवासुद्धा लावत नाही, आणि लावत नाही म्हणून जिवाला धाक वाटतो. कानबाई तीन आठवड्यांवर आली, सुरतहून दीर येतील. मन नसताना देवी बसवू का? देव खरंच आमच्यावर रागावला आहे का?"

ताई, देवीचं नंतर बोलू. मालक रात्री तीनला उठून ओट्यावर बसतात, हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलं आहे. मला तेच आधी घ्यावंसं वाटतं.

पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, बोलणं तुटणं, ज्या कामात जीव होता तिकडे पाठ फिरवणं, हे सगळं मिळून दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं की ते नैराश्याचं दुखणं असू शकतं, आणि त्यावर औषध आहे. जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात केसपेपर काढून दाखवता येतं. 'वेड्यांच्या डॉक्टरकडे' असं ऐकून ते उठणार नाहीत. "झोप लागत नाही, त्यासाठी दाखवू" म्हणा. ते खोटंही नाही. गोळ्या सुरू केल्या तर गुण दिसायला दोन ते चार आठवडे जातात. बहुतेक घरं इथेच चुकतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून गोळी बंद करतात आणि पुन्हा जाणत्याकडे वळतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.

आजच करायचं एक काम आहे. घरात, गोठ्यात, शेतातल्या खोलीत फवारणीची जी औषधं असतील ती सगळी गोळा करून कुलपात घाला आणि किल्ली तुमच्याजवळ ठेवा. नको असलेला साठा दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाका. मग एकदा दोघंच असताना सरळ विचारा, "जीव नकोसा वाटतो का? मरणाचा विचार येतो का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट आत कोंडलेलं बाहेर यायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं, किंवा ते कागदपत्रं कुठे आहेत ते समजावून सांगू लागले, 'माझ्यानंतर' अशी भाषा करू लागले, तर त्यांना एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर चोवीस तास, मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं. तो तुम्हीही स्वतःसाठी लावू शकता. लावाच.

आता तुम्हाला रोज टोचणारा प्रश्न: शेजारची बाग उभी आणि आमचीच का पडली?

याचं उत्तर देव्हाऱ्यात शोधू नका, बांधावर जाऊन पाहा. केळीचं खोड लाकडाचं नसतं, ती पानांच्या देठांच्या बुडांची गुंडाळी असते. मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच पसरतात. झाड निसवलं, म्हणजे घड बाहेर पडला, आणि तो भरत आला की सगळं वजन डोक्यावर येतं. तुमची बाग गेल्या पावसाळ्यात लावलेली मृगबाग असणार, म्हणजे जूनमध्ये ती ऐन भरात होती. शेजाऱ्याची कांदेबाग असेल, ऑक्टोबरच्या सुमाराची, तर त्या झाडांवर जूनमध्ये घडच नव्हते किंवा नुकते निसवत होते. तोच वारा, तेवढाच जोर, पण डोक्यावर ओझं असलेलं झाड मोडतं आणि हलकं झाड झुकून उभं राहतं. त्यात वाऱ्याच्या दिशेला शेवरीची किंवा गजराज गवताची दाट ओळ आहे का, घडाच्या झाडांना बांबूचा टेकू होता का, आदल्या दिवशी भरपूर पाणी दिल्यानं जमीन भुसभुशीत झाली होती का, एवढं तपासा. कारणं सापडतील. ती सापडली की पुढच्या लागवडीला कामालाही येतील. कोपाचं कारण धरून बसलात तर पुढच्या जूनमध्ये करायचं काय, हे कुणीच सांगू शकणार नाही.

पडलेल्या झाडांची पिलं शाबूत असतील तर जोमदार असं एकेक पिल ठेवून बाकीची काढा आणि पिलबाग, म्हणजे त्याच पिलांवर पुढचं पीक, धरता येते का ते कृषी सहायकाला विचारा. रोपांचा आणि नव्या लागवडीचा खर्च वाचेल. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी केलेल्या पंचनाम्याची प्रत मिळवा. फळपीक विमा असेल तर वेगाच्या वाऱ्याचं नुकसान ७२ तासांत कळवावं लागतं. तुमच्या वतीनं सोसायटीनं किंवा बँकेनं कळवलं होतं का ते पाहा. तापमानाची भरपाई वेगळी असते. ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून निघते, तिला नुकसानीची सूचना लागत नाही, म्हणून तीही विचारून घ्या. सरकारनं तुमच्या भागात आपत्ती जाहीर केली असेल आणि नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल, तर पीककर्जाचं पुनर्गठन, म्हणजे फेडीची मुदत वाढवून, मागता येतं. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. या कामांना मालकांना सोबत न्या, पण बोलणं तुम्ही किंवा दीर करा. सध्या त्यांच्याच्यानं साहेबांपुढे उभं राहवणार नाही.

आता पितृदोष. सासऱ्यांची घागर तुम्ही भरली आहे. वर्षश्राद्धाची तिथी नागपंचमीच्या आदल्या दिवशी, म्हणजे श्रावण शुद्ध चतुर्थीला येते. ते घरी, तुमच्या नेहमीच्या गुरुजींकडून, चार पानं वाढून करा. पितरांचं जे देणं परंपरेनं सांगितलं आहे ते एवढ्यानं फिटतं. व्याजानं पैसे काढून शांती कुठल्याच शास्त्रानं सांगितलेली नाही. साध्या पूजेच्या संकल्पातसुद्धा गुरुजी 'यथाज्ञानेन यथामीलितोपचारद्रव्यैः' म्हणतात: जेवढं कळतं तेवढ्या ज्ञानानं आणि जे मिळालं त्या साहित्यानं. ऐपतीची सवलत पूजेच्या सुरुवातीलाच दिलेली आहे. आणि 'नाही केलं तर माणूस जाईल' असा धाक घालून पैसे मागणाऱ्याशी पुन्हा बोलूच नका. अंगी दैवी शक्ती असल्याचं सांगून लोकांना भिवडवणं आणि फसवणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तो दारात आला तर हे त्याला शांतपणे ऐकवा, दीर असताना.

दुःख आलं म्हणजे देव रागावला, हे खरं मानायचं तर आपल्याच खान्देशातल्या मुक्ताईचं काय करायचं? आई-वडील लहानपणीच गेले. गावानं वाळीत टाकलं. १२९६ मध्ये ज्ञानेश्वर गेले, पाठोपाठ सोपान गेले, आणि दुसऱ्याच वर्षी तापीकाठी मेहूणला विजेच्या कडकडाटात ती अंतर्धान पावली, असं परंपरा सांगते. त्या चार भावंडांच्या घरावर देव कोपला होता असं सातशे वर्षांत कुणी म्हटलेलं नाही. तिची पालखी अजून दर आषाढीला महिनाभर चालून पंढरपूरला जाते.

मालकांचा घाव मात्र वेगळा आहे. ते पायी वणीला गेले, पायांना फोड आले असतील, गड चढले, आणि दोन महिन्यांत बाग आडवी झाली. त्यांना फसवल्यासारखं वाटतं आहे. त्यावर 'देव परीक्षा पाहतो' हे वाक्य त्यांना कुणी ऐकवू नये, सासूबाईंनीसुद्धा नाही. पडलेल्या माणसाला ते वाक्य दगडासारखं लागतं. देवीवर रागावणं हे देवी सोडणं नव्हे. राग आपल्या माणसावरच धरतात. फलाणं दे म्हणजे मी ढमकं करीन, असा सौदा बांधला की सौदा मोडल्यावर देवही मोडतो, ही नवसाची अडचण आहे. पण वणीच्या वाटेवर नवसाखेरीज आणखी काही होतं: सोबतीची माणसं, रात्रीचे मुक्काम, एकाच पातेल्यातला चहा. त्या पायी मंडळींतल्या एकाला बोलवा. समजूत घालायला म्हणून बोलवू नका. "दादा, शेताकडे चक्कर मारू" एवढंच त्यानं म्हणावं आणि अर्धा तास बरोबर चालावं. एकदा येऊन भागणार नाही. आठवड्यातून दोनदा, वार ठरवून यायला सांगा.

कानबाई बसवा. मन नसतानाही बसवा, पण लहान बसवा. कानबाई तुमच्या उत्साहावर बसत नाही, घरातली सगळी माणसं एका छपराखाली आली की बसते, आणि यंदा तुमच्या घराला गरज आहे ती नेमकी याचीच. सगळं घर रंगवायचं राहू द्या, देवीची खोली तेवढी सारवा किंवा पुसा. नारळ, खण, वेणी, जे दागिने आहेत ते. खापरावरचे मांडे घालायची उमेद नसेल तर तव्यावरच्या पुरणपोळ्या चालतील: अर्धा किलो चण्याची डाळ, तेवढाच गूळ, वीस-बावीस पोळ्या होतात. खीर, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी. नवी साडी, मंडप, वाजंत्री यांतलं काही नको. रोट, म्हणजे देवीच्या नावानं मोजून घेतलेल्या धान्याचा नैवेद्य, घरच्याच भाऊबंदांत खायचे असतात, त्यामुळे गावजेवणाचा प्रश्न येत नाही. पौर्णिमेच्या आत संपतील एवढेच करा.

दोन जागी सांभाळा. पहिली, रात्रीच्या गाण्यांत एखाद्या बाईच्या अंगात येतं आणि ती घराचे दोष सांगू लागते. बाईचा अपमान करू नका. हळदीकुंकू लावा, पाणी द्या, पण प्रश्न लावू नका. सासूबाईंना हे आधीच, एकांतात सांगून ठेवा: "यंदा कुणाला काही विचारायचं नाही, फक्त गाणी." त्यांनीही नवरा गमावला आहे. 'कानबाई कोपनी' हे त्यांच्या तोंडचे शब्द ऐका आणि त्यामागचा धसकाही ऐका. गाणी त्यांनाच सुरू करायला सांगा.

दुसरी जागा गहू मोजण्याची. रोटाला घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ धान्य घेतात. सासरे, मालक, दीर आणि मुलं असा तुमचा दरवर्षीचा हिशोब पाठ असणार, आणि यंदा हात सवयीनं सासऱ्यांची मूठ भरायला जाईल. घरात सगळ्यांचा बांध फुटेल तो बहुधा तिथे. गेल्या श्रावणापासून या घरात कुणी नीट रडलेलं नाही असं तुमचं पत्र वाचून वाटतं. सुतक, दिवस, मग बागेची कामं, मग वादळ. तेव्हा घाईनं डबा झाकू नका. मालकांना पाटावर बसवा, त्यांच्याच मुठीनं मोजू द्या, आणि रडू आलं तर येऊ द्या. सासऱ्यांच्या नावाची मूठ वेगळी काढायची की नाही ते तुमच्या घराण्याच्या रीतीप्रमाणे सासूबाईंना ठरवू द्या.

तुमच्या उपासांचं थोडक्यात. आठवड्याला तीन दिवस साबुदाणा आणि चहावर काढून शेतात राबणाऱ्या बाईला थकवा येतो, आणि थकलेल्या शरीरात भीती लवकर शिरते. सुटले ते बरं झालं. पुढे वाटलंच तर एकच वार धरा, तोही दूध, शेंगदाणे, केळी, राजगिरा खाऊन. आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. दिवा मात्र लावून पाहा, पण धाकानं नको. तिन्हीसांजेला, एक वात, पाच मिनिटं. स्तोत्र म्हणायचं नसेल तर म्हणू नका. दिवसभरात जे झालं ते मनातल्या मनात सांगा, राग असेल तर रागानं सांगा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन दिवे लावून भरपाई करू नका. त्यातूनच धाक पुन्हा वाढतो.

दिरांना आजच फोन करा. रविवारी सकाळी घाईघाईनं पोचण्यापेक्षा शुक्रवारी रात्रीच सुरतहून निघायला सांगा. दळण शनिवारचं ठेवा, आणि गहू ते आल्यावरच मोजा.