लाकूड फोडायचं मशीन घरी बनवता येईल का, आणि जुना चेनसॉ घेताना काय बघावं?

बनवता येतं. माझ्याकडं आहे, आणि हळद शिजवायला लागणारं सगळं जळण त्यावरच फोडतो.

तुम्ही लिहिलंय की पाटणकडं शेत आहे, ट्रॅक्टर घरचा आहे, ट्रॉलीचा जुना जॅक पडून आहे. तो लावून मशीन करायचं आणि वर एक सेकंडहँड चेनसॉ, असं सगळं 25 हजारांत बसवायचं. बसणार नाही. पण मी लिहायला बसलो ते त्या जॅकसाठी, कारण याच जॅकवरून माझं आणि आमच्या दाजींचं अजून जमत नाही.

आम्ही वाळव्याकडचे, दाजी शिराळ्याचे. मी मशीनचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "सिलिंडर इकत कशाला आणतोस? माझ्या ट्रॉलीचा जॅक ने. मुरमानं भरल्याली ट्रॉली उचलतोय, तुझं लाकूड फुटायचं न्हाई व्हय?" ऐकायला एकदम बरोबर. पण ट्रॉलीचा जॅक एकाच बाजूनं काम करतो. तेल ढकललं की वर जातो आणि खाली येतो तो ट्रॉलीच्या वजनानं. आडवा टाकल्यावर त्याला मागं कोण आणणार? दुसरं म्हणजे त्यात एकात एक नळ्या असतात. आधी जाड नळी निघते तेव्हा जोर भरपूर, शेवटची बारीक नळी बाहेर यायला लागली की तेवढ्याच प्रेशरला जोर बराच कमी. आणि ओंडका जरा तिरका फाटला की ती लांब निघालेली बारीक नळीच वाकते.

मी हे सगळं सांगितलं. दाजी म्हणाले, तू पुस्तकं लई वाचतोस. आणि त्यांनी स्वतःच्या गोठ्यामागं मशीन उभं केलं.

उद्घाटनाला मी होतो. चिंचेचा बुंधा ठेवला, लिव्हर ओढला, जॅकच्या तोंडाला जोडलेली पाचर अर्धी आत गेली आणि बसली. लिव्हर सोडला, काही नाही. दाजींनी पहार घातली, गड्यानं घण घातला, शेवटी जॅकच्या तोंडाला साखळी बांधून बैलं जुंपली. नळी आली मागं, पण वाकून, आणि सील फाटून तेलाची धार शेणात. ताई दारातूनच म्हणाली, "कुऱ्हाड देऊ का?" दाजी अजूनही म्हणतात की चिंच वाईट होती, जॅक नाही.

चिंच वाईट असतेच, पीळ घातलेलं लाकूड. निलगिरीही वाळली की तशीच, ती ओली असतानाच फोडावी. पण माझं मशीन चिंच फोडतं.

मी भंगारातून जुन्या लोडरचा दोन्ही बाजूंनी चालणारा सिलिंडर घेतला आणि नवीन सील घातले. बोअर (आतला व्यास) 4 इंच, स्ट्रोक (रॉड बाहेर येतो ती लांबी) 24 इंच. चौरस सेंटिमीटरला 150 किलो प्रेशर असलं की साधारण 12 टन जोर बसतो, घरच्या जळणाला तो पुष्कळ झाला. पूर्ण बाहेर यायला सुमारे 5 लिटर तेल लागतं. म्हणजे मिनिटाला 20 लिटर देणारा पंप असेल तर 15 सेकंद. याला हळू म्हणणाऱ्यानं घण घेऊन माझ्याबरोबर दिवसभर उभं राहून दाखवावं. वेगळं इंजिन, वेगळा पंप असले लाड नकोत, ट्रॅक्टरवरच चालवा. फक्त ट्रॉलीची एक लाइन पुरत नाही, जाणारी आणि येणारी अशा दोन लाइनचा व्हॉल्व्ह लागतो.

खरा पैसा सांगाड्यात घाला. 8 इंची आय बीम (इंग्रजी I सारखा लोखंडी गर्डर), त्याच्या टोकाला पाचर पक्की, आणि सिलिंडर ओंडक्याला तिच्यावर ढकलणार. सिलिंडर पिनवर बसवा, वेल्ड करू नका, नाहीतर तिरका जोर आला की रॉड गेला. पाचरीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी त्रिकोणी पट्ट्या हव्यातच. गावातल्या वेल्डरनं एका पासात ओढलेलं वेल्डिंग 12 टनाला टिकत नाही. मी माझं कुपवाड एमआयडीसीत करून घेतलं.

आता चेनसॉ. इथंही दाजींचं एक तत्त्व आहे, "आवाजावरनं मशीन कळतं." त्यांनी घेतलेल्या मशीनचा आवाज फारच छान होता, कारण विकणाऱ्यानं ते आधीच गरम करून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी थंड असताना चालू होईना. म्हणून गेल्या गेल्या सायलेन्सरला हात लावा (जपून). गरम असेल तर चहा प्या, थंड होऊ द्या, मग दोरी ओढा.

स्विच बंद करून मशीन दोरीच्या मुठीला धरून लोंबकळू द्या. अडखळत अडखळत खाली आलं तर ठीक, सरळ सुटलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, गेलंय. मग सायलेन्सर खोलून बॅटरीच्या उजेडात पिस्टन बघा. उभे ओरखडे दिसले की उठा. विकणारा खोलू देत नसेल तरी उठा. बारच्या (चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या) टोकासमोर पुठ्ठा धरून रेस करा, तेलाची रेघ उठली पाहिजे. आयडलला चेन फिरता कामा नये. आणि कृष्णाकाठचं मशीन असेल तर कव्हर काढून आत गाळ आहे का बघा. 2019 ला आणि परत 2021 ला पुराचं पाणी दुकानांत शिरलं होतं. बार, चेन, स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) झिजलेलं असलं तर घाबरू नका, ते बदलतं, त्या नावाखाली भाव पाडा.

पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल लिटरला 20 मिली, कंपनीनं वेगळं सांगितलं नसेल तर. आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करा, आताचं इथेनॉलचं पेट्रोल कार्बोरेटरची वाट लावतं.

राहिलंच. मशीनवर ओंडका ठेवणारा आणि लिव्हर ओढणारा माणूस एकच असावा. दोघं झाले की कुणाचं तरी बोट जातं. होज पाइपाला बारीक गळती दिसली तर हातानं चाचपू नका, ते तेल कातडीतून आत घुसतं. मग नुसतं टोचल्यासारखं दिसलं तरी लगेच दवाखाना गाठायचा.

आणि तुम्ही पाटणचे म्हणून सांगतो. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ ही झाडं स्वतःच्या बांधावरची असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्यानं परवानगी लागते. चेनसॉचा सौदा करायच्या आधी वनविभागात विचारून या.