मुंबईत विहार-तुळशी तलावांचं पाणी पितात, मग शेजारच्या पवई तलावाचं का नाही?

कारण विहार आणि तुळशीभोवती राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, आणि पवईच्या काठाला थेट वस्ती भिडलीय. पवईही १८९०च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठीच बांधला, पण त्याचं पाणी पिण्यालायक राहिलं नाही. नाल्यांतून सांडपाणी येतं, त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी माजते. पालिका मशीन लावून ती उपसते, पण तेवढ्यानं भागत नाही. नाले मलवाहिनीकडे वळवल्याशिवाय जलपर्णी पुन्हा पसरणारच. (पालिकेला काठावरचा सायकल ट्रॅक मात्र आधी सुचला! तो उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बेकायदा ठरवला.) अर्थात विहारचं पाणीही गाळून, क्लोरीन घालूनच नळाला येतं, आणि मुंबईचं बहुतेक पाणी दूरच्या भातसा-वैतरणा नद्यांवरच्या धरणांतूनच येतं.