टर्की किती किलोची घ्यावी?

प्रश्न : जेवायला १० मोठी माणसं आणि ४ लहान मुलं असतील. कमी पडू नये म्हणून १० किलोची टर्की घ्यावी असं वाटतं. बरोबर आहे का?

उत्तर : १० किलो फार होतात. हाडासकट अख्खी टर्की घेताना मोठ्या माणसामागे ५०० ते ६०० ग्रॅम कच्चं वजन धरा, मुलांचं त्याच्या निम्मं. म्हणजे तुमच्याकडे हिशेबाला १२ पानं आणि पक्षी ६ ते ७ किलोचा. दुसऱ्या दिवसासाठी उरायला हवं असेल तर माणशी ७०० ग्रॅम धरा.

एका माणसाला अर्धा किलो ऐकायला जास्त वाटतं, पण या वजनात हाडं, कातडी आणि चरबी आली. पोटात पिशवीत घालून दिलेली मान आणि कलेजीसुद्धा बहुधा त्यातच मोजलेली असते. भाजताना पाणी उडतं आणि चरबी गळते ती वेगळी. ५०० ग्रॅममधून ताटात पडतं ते साधारण सव्वादोनशे ग्रॅम मांस. लेबलवर मिठाचं पाणी घातल्याचा उल्लेख असेल, तर थोडं वजन त्या पाण्याचंही आहे.

मोठ्या पक्ष्याची खरी अडचण ओव्हनमध्ये कळते. छातीचं मांस लवकर शिजतं, मांडीच्या सांध्याजवळचं उशिरा. पक्षी जितका मोठा, तितकी छाती जास्त वेळ आचेत राहते आणि कोरडी पडते. १६५ अंशांवर ६ किलोच्या टर्कीला तीन ते पावणेचार तास लागतात, १० किलोच्या टर्कीला साडेचार ते पाच. त्यामुळे ७-८ किलोंच्या वर गरज गेली की दोन लहान टर्की घेणंच शहाणपणाचं. ४ किलोची टर्की पावणेतीन-तीन तासांत होते. शेजारी शेजारी ठेवल्यास थोडा वेळ वाढवा आणि दोन्हींमध्ये गरम हवा फिरायला जागा सोडा. मात्र लहान पक्ष्यात हाडांचं प्रमाण जास्त असतं, म्हणून ५ किलोंच्या आतली टर्की घेताना नुसत्या त्या दिवसाच्या जेवणालाही माणशी ७०० ग्रॅमच धरा.

खरेदीआधी ट्रे ओव्हनमध्ये ठेवून दार लागतं का ते बघा. चारही बाजूंनी आणि वर ५ सेंटिमीटर मोकळे हवेत.

प्रश्न : गोठवलेली टर्की आदल्या रात्री ओट्यावर काढून ठेवली तर चालेल का?

उत्तर : अजिबात नाही. आत बर्फ असतो तेव्हाच बाहेरचं मांस कोमट होऊन त्यात जंतू वाढू लागतात. फ्रिजमध्ये दर २ किलोंना एक दिवस लागतो, म्हणजे ६ किलोंना तीन दिवस. खाली खोलगट ताट ठेवा, रस गळतो. उशीर झाला असेल तर वेष्टनासकट थंड पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला. किलोला साधारण एक तास धरा, आणि अशी सुटलेली टर्की लगेच भाजायला घ्या.

प्रश्न : शिजली हे कसं ओळखायचं?

उत्तर : रंगावर जाऊ नका. थर्मामीटरची सुई मांडी जिथे धडाला मिळते तिथल्या जाड मांसात खुपसा. हाडाला टेकली तर आकडा खोटा येईल. मांडीत आणि छातीच्या जाड भागात, दोन्हीकडे ७४ अंश दिसले पाहिजेत. बाहेर काढल्यावर २० ते ३० मिनिटं तशीच राहू द्या. लगेच कापली तर रस पाटावर वाहून जातो.

प्रश्न : आम्ही चौघंच आहोत. अख्खी टर्की घ्यावी का?

उत्तर : नको. बिनहाडाची छाती माणशी २५० ग्रॅम, म्हणजे एक किलो आणा. तीही ७४ अंशांपर्यंतच शिजवा.