बाइक न्यायला पिकअप घेताय? आधी टेप घेऊन हौदा मोजा

सातारकर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी हिमालयन ४५० आहे, डर्टट्रॅकसाठी एक्सपल्स २०० आहे आणि मामांच्या वाड्यातली जुनी येझदी दुरुस्तीला काढली आहे. महिन्यातून एकदा-दोनदा यातली एखादी, कधी दोन, पुण्याला नाहीतर नाशिकला न्यायच्या असतात. त्यासाठी वापरलेली व्ही-क्रॉस, म्हणजे इसुझूची चार दरवाजांची पिकअप घ्यावी, बोलेरो पिकअप घ्यावी की छोटा हत्ती? एका मित्राने तुम्हाला व्ही-क्रॉस घ्यायला सांगितलंय. दुसरा म्हणतो १.७ टनी बोलेरो पिकअप घ्या, पुन्हा बघायला नको.

गेली आठ वर्षं माझ्याकडे नऊ फुटी हौद्याची सेकंडहँड पिकअप आहे. तिच्यातून स्वतःच्या आणि दोस्तांच्या मिळून किती बाइका नेल्या ते आता मोजत नाही. माझं मत तुमच्या दोन्ही मित्रांच्या उलट आहे. गाडी किती टन उचलते हे तुमच्या कामात जवळजवळ शेवटी येतं. त्याआधी हौद्याची लांबी, हौदा जमिनीपासून किती उंच आहे आणि रिकामी असताना गाडी किती उधळते, हे बघायचं.

व्ही-क्रॉसपासून सुरू करतो, कारण मन तिच्यावरच बसतं. माझंही बसलं होतं. दिसायला देखणी, पांढऱ्या पाटीवर पासिंग होतं, बायको-मुलं आरामात बसतात, सोसायटीत कोणी हटकत नाही. पण चार दरवाजांच्या पिकअपचा हौदा दीड मीटरच्या आसपास असतो, म्हणजे जेमतेम पाच फूट. हायलक्स, बोलेरो कॅम्पर, सगळ्यांची कमी-अधिक हीच गत. आता हिमालयनचं गणित करा. व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर, १५१० मिमी. पुढचं चाक २१ इंची, टायर धरून त्याची त्रिज्या साधारण ३५ सेंमी. पुढचं चाक केबिनला टेकवून उभी केली तरी मागचा अॅक्सल केबिनपासून १८६ सेंमीवर येतो. म्हणजे मागचं अख्खं चाक हौद्याबाहेर, मागच्या उघड्या फाळक्यावर. बाइकचं निम्मं वजन दोन वायरींवर लटकलेल्या पत्र्यावर आणि खड्डा आला की त्या वायरींना झटका. तिरकी लावली तर थोडी जागा मिळते, पण मागचं चाक तरीही आत येत नाही.

शिवाय फाळका उघडा ठेवला की मागची नंबर पाटी झाकली जाते आणि माल गाडीबाहेर येतो तो वेगळाच. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ (१अ) आलं. त्यात माल बाजूला, मागे, पुढे किंवा ठरलेल्या उंचीच्या वर निघाला तर २०,००० रुपये दंड आहे. तुम्ही म्हणाल, परदेशातल्या व्हिडिओंत सगळे असंच नेतात. नेतात, पण तिथल्या पिकअपला सहा-सहा, आठ-आठ फुटी हौदे मिळतात आणि फाळक्यावर किती वजन चालेल हे बघून लोक नेतात.

व्ही-क्रॉस घ्यायचीच असेल तर आरसी मागून घ्या आणि एकूण वजनातून रिकामं वजन वजा करा. जो आकडा उरेल त्यात तुम्ही, घरचे, डिझेल आणि १९६ किलोची हिमालयन, सगळं बसवायचं आहे. ही वजाबाकी केल्यावर माझा मोह बराच उतरला.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. १.७ टनी पिकअपचा हौदा नऊ फूट, त्यामुळे जागेचा प्रश्नच नाही. दोन बाइका तोंडं उलटसुलट करून ठेवल्या की हँडल हँडलला भिडत नाही आणि फाळका टच्च बंद होतो. पण ही गाडी १,७०० किलो भरल्यावर नीट चालावी म्हणून केलेली आहे. मागे स्प्रिंगच्या पाट्यांचा जाडजूड गठ्ठा. त्यावर तुम्ही २०० किलो ठेवणार. पाट्यांना ते ओझं जाणवतही नाही. प्रत्येक स्पीडब्रेकरला मागचा अॅक्सल उडतो, त्याबरोबर बाइक उडते, बाइकचे स्वतःचे शॉकअप दबतात आणि त्या क्षणी पट्टे सैल पडतात. असं पन्नास-साठ किलोमीटर झालं की हूक कडीतून निघायला वेळ लागत नाही. मी एकच बाइक न्यायची असेल तर अॅक्सलच्या वर चार पोती वाळू टाकतो आणि ती पोतीही बांधतो. टायरमधली हवाही बघा. दारावरच्या किंवा पुस्तिकेतल्या तक्त्यात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे बहुतेक वेळा वेगळे दिलेले असतात. टपरीवाला विचारल्याशिवाय भरलेल्या गाडीचीच हवा भरतो.

छोट्या हत्तीची गंमत वेगळी. टाटा एस, मारुतीची सुपर कॅरी, ही सगळी भावकी. हौदा २२० सेंमीच्या आत-बाहेर. आता हिमालयन पुढच्या टायरच्या टोकापासून मागच्या टायरच्या टोकापर्यंत मोजा: १५१ अधिक ३५ अधिक ३३, म्हणजे २१९ सेंमी. अक्षरशः बोटभर फरकाचा मामला! पुढचं चाक कोपऱ्यात घालून थोडी तिरकी लावली की फाळका लागतो. मडगार्ड आणि नंबर पाटी फाळक्याच्या वरच्या अंगाला राहतात, म्हणून कंपनीने दिलेल्या लांबीवर जाऊ नका, टायर ते टायर मोजा. एक्सपल्सचा व्हीलबेस १४१० मिमी, ती सरळ बसते. दोन्ही एकदम मात्र कसरतीचं काम. हिमालयन तिरकी गेली की एक्सपल्सची जागा तीच खाते.

म्हणून तुमच्या कामाला मधली गाडी घ्या, असं माझं म्हणणं. टाटाची इंट्रा किंवा त्या मापाची कुठलीही, साडेआठ फुटांच्या जवळपास हौदा आणि टन-सव्वाटन क्षमता. आधी वीटभट्टीवर किंवा वाळूला चाललेली नको. भाजीवाल्याची किंवा दूधवाल्याची मिळाली तर उत्तम. बघायला जाल तेव्हा खाली वाकून पाटे बघा. मधेच एखादा नवा चकाकणारा पाटा दिसला तर मालकाने जादा पाटा चढवून ओव्हरलोड ओढलेला असतो. अशी गाडी तुमच्या बाइकला घोड्यावर बसवल्यासारखी नाचवेल.

हौद्याची उंची हा विषय कोणी काढत नाही आणि पाठ मात्र तिथेच मोडते. माझ्या पिकअपचा हौदा जमिनीपासून ८० सेंमी आहे. सुरुवातीला सहा फुटी फळी होती. १९६ किलोची बाइक त्या चढावर नुसती धरून ठेवायलाच ८५ किलोच्या आसपास जोर लागतो. आठ फुटी रॅम्प केला, तोच जोर ६४ किलोवर आला. दुसरा फरक वरच्या टोकाला कळतो. सहा फुटी फळीचा कोन इतका उभा की पुढचं चाक हौद्यात गेल्यावर बाइकचं पोट फळीच्या काठावर बसतं. हिमालयन उंच आहे, निसटेल. येझदीचा डबल स्टँड हमखास अडकणार.

बाइक चढवणारा माणूस एक गोष्ट नेहमी विसरतो: बाइक वर जाते, पण तो स्वतः खालीच असतो. हँडल छातीपासून खांद्यावर, खांद्यावरून डोक्यावर जातं आणि नेमकं तेव्हाच तोल जातो. त्यामुळे रॅम्पच्या शेजारी पाय ठेवायला दुसरी फळी लागतेच. त्याहून सोपा उपाय म्हणजे रॅम्प लागूच नये असं ठिकाण शोधणं. गाडी मागे घेऊन शेताच्या बांधाला लावा, बाजार समितीच्या धक्क्याला लावा. आमच्याकडे कॅनॉलच्या भरावापाशी एक जागा अशी आहे की फाळका टाकला की तो बरोब्बर जमिनीला टेकतो. बाइक चालत आत जाते. साताऱ्यात अशा चढ-उताराच्या जागांना काय तोटा!

आता बांधण्याबद्दल. इथे मी माझीच फजिती सांगतो. पहिल्या वर्षी कराडहून एका मित्राची येझदी आणली. काथ्याची दोरी, चार गाठी, साइड स्टँडवर उभी. खंबाटकीचा बोगदा ओलांडला आणि पुढच्या त्या एस वळणावर मागून आवाज आला, रिकामं पिंप दगडावर आपटल्यासारखा. गाडी बाजूला घेऊन मागे गेलो तर येझदी आडवी, टाकीला तळहाताएवढा खळगा आणि टोपणातून पेट्रोल हौद्याच्या खोबणीतून वाहतंय. कोणाची चूक म्हणू? दोरी माझी, गाठी माझ्या. काथ्या ताणला की लांबतो. साइड स्टँडवर उभी बाइक प्रत्येक धक्क्याला त्या एका पायाभोवती डोलते.

तेव्हापासून साइड स्टँड वर घेतल्याशिवाय मी बाइक बांधत नाही. पुढचं चाक केबिनच्या भिंतीला, शक्य तर चाक अडकवायच्या चौकटीत. चार रॅचेट पट्टे, म्हणजे खटका मारत आवळायचे. पुढचे दोन हँडलखाली शॉकअप धरणाऱ्या खालच्या यॉकपासून पुढे, खाली आणि बाहेर ओढलेले, मागचे दोन सीटखालच्या सबफ्रेमपासून. पुढचे शॉकअप साधारण निम्मे दबेपर्यंत आवळायचे, तळाला टेकवायचे नाहीत. पार दाबून ठेवले तर ऑइल सीलवर ताण येतो आणि खड्ड्यात दबायला जागाच उरत नाही. पट्ट्याचा हूक थेट हँडलला लावू नका, मधे कापडी फास घाला. आपल्या पिकअपचे दोरीचे हूक बहुतेक हौद्याच्या बाहेरच्या अंगाला असतात. ते पोत्यांसाठी ठीक. बाइकसाठी हौद्याच्या आत, तळाशी, चासीला धरून चार कड्या वेल्ड करून घ्या. नुसत्या पत्र्याला केल्या तर कडीसकट पत्रा हातात येईल. निघाल्यावर वीसेक किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळायचे, तेवढ्या वेळात चहा होतो.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. पिकअप म्हणजे पिवळी पाटी. वाहन आठ वर्षांचं होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग, पुढे दरवर्षी. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही. सेकंडहँड घेताना आरसीवरचा हा आकडा मुद्दाम बघा. तुमचं मोटारीचं लायसन्स चालतं. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला वेगळा शेरा लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने कायम केलं. वेगाची मर्यादा चौपदरीवर ८०. फास्टॅगच्या वर्गवारीत छोटा हत्ती मोटारीच्या रांगेत बसतो, मोठी पिकअप एलसीव्हीत, म्हणजे हलक्या मालवाहू गाड्यांत. आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे दोन नाके तुम्हाला दर वेळी लागणार, फरक जाणवेल. हौद्यात बाइक धरायला पोरगा बसवू नका. ते बेकायदा आहे आणि बाइक पडली तर त्याच्यावरच पडेल.

विम्याची एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. बाइकची कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी असेल तर रस्त्याने किंवा रेल्वेने वाहून नेताना झालेलं नुकसानही त्यात धरलेलं असतं. हिमालयनचा प्रश्न मिटला. येझदीवर बहुतेक नुसता थर्ड पार्टी असेल, तिचा खळगा तुमच्या खिशातून.

आणि सगळ्यात आधी विचारायला हवं होतं ते शेवटी विचारतो: गाडी घ्यायलाच हवी का? महिन्यातून एक-दोन फेऱ्या म्हणजे वर्षाला फार तर चोवीस. साताऱ्याच्या स्टँडवर छोटा हत्तीवाल्याला पुण्याच्या जाऊन-येऊन फेरीचं भाडं विचारा, त्याला चोवीसने गुणा. मग तुमच्या मनातल्या गाडीचा विमा, पासिंग, टायर आणि उरलेले तीनशे चाळीस दिवस ती जिथे उभी राहणार त्या जागेचा हिशेब शेजारी मांडा. मला गाडी परवडली, कारण दोस्तांच्या फेऱ्यांतून डिझेल सुटतं आणि आमच्या अंगणात जागा आहे. तुमच्या वाड्यासमोरचा बोळ अरुंद आहे म्हणता, तर पहिले सहा महिने भाड्याची गाडी, पण पट्टे, रॅम्प आणि चाकाची चौकट स्वतःची, हे करून बघा. ते सामान पुढे कुठल्याही गाडीत चालतं.

द्रुतगती मार्गावर आणि समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. तिथून पहिल्यांदा स्वतःची बाइक पाठीवर घेऊन जाल तेव्हा उगाच हसू येतं, एवढं मात्र सांगून ठेवतो.

येझदी नेताना पेट्रोलचा कॉक बंद करायला विसरू नका. माझ्या हौद्याला पहिल्या पावसात अजून तो वास येतो.